कोलेस्टेरॉल व हृद्‌रोहिणी विकार

कोलेस्टेरॉल हा प्राणिशरीरातील सर्व कोशिकांत (शरीराच्या सूक्ष्म घटकांत) आढळणारा, स्टेरॉल वर्गातील मेदासारखा पदार्थ होय. हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्यांना (हृदयाकडून शरीराच्या ऊतकांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना) हृद्‌रोहिण्या म्हणतात. या वाहिन्यांच्या आतील स्तरात कोलेस्टेरॉलयुक्त मेद साचून व त्याभोवती तंतुमय ऊतक वाढून त्यांच्या पोकळ्या अरुंद होतात. या विकृतीला रोहिणीविलेपी विकार आणि तीमुळे हृदयात उद्‌भवणाऱ्या दोषांना हृद्‌रोहिणी विकार असे म्हणतात. परिश्रम केले असता छातीत दुखणे (हृद्‌शूल), हृदयस्नायूचा काही भाग रक्ताअभावी मृत होणे (हृदयविकाराचा झटका) व आकस्मिक मृत्यू ही त्याची मुख्य स्वरूपे होत. रक्तातील कोलेस्टेरॉलाचा या विकाराशी असलेला संबंध हा विसाव्या शतकातील वैद्यकात दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेला प्रश्न होता. कोलेस्टेरॉल वाहून नेणारी विशिष्ट वसाप्रथिने ही या विकाराची केवळ खूण नसून कारण आहेत आणि धोका त्यांच्या पातळीइतकाच ती पातळी किती वर्षे टिकली यावरही अवलंबून असतो, असे आता सिद्ध झाले आहे.

शुद्ध कोलेस्टेरॉल पांढरे, स्फटिकी व पाण्यात जवळजवळ अविद्राव्य (न विरघळणारे) असते. त्याच्या रेणूत कार्बनाचे २७, हायड्रोजनाचे ४६ व ऑक्सिजनाचा एक अणू असतो. पित्ताश्मांत (पित्ताशयातील खड्यांत) ते अठराव्या शतकातच आढळले होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल यांनी त्याला पित्त व घन या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. कोशिकापटलाच्या घडणीसाठी ते आवश्यक असते. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि अधिवृक्क व जनन ग्रंथींची हॉर्मोने (सरळ रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव) त्यापासूनच तयार होतात. त्यामुळे कोलेस्टेरॉल हे विष आहे, ही रूढ समजूत चुकीची आहे. शरीर आपल्या गरजेचा बराचसा भाग स्वतःच निर्माण करते. आहारातून मिळणारा भाग तुलनेने कमी असतो. मात्र एक अडचण आहे. बहुतेक कोशिकांना कोलेस्टेरॉल तयार करता येते, पण त्याच्या चार वलयांच्या सांगाड्याचे विघटन मानवी शरीरातील कोणत्याही कोशिकेला करता येत नाही. साखर वा मेदाम्ले यांप्रमाणे ते ऊर्जेसाठी जाळता येत नाही. यकृताकडे परत नेऊन पित्तावाटे आतड्यात टाकणे हाच त्याच्या उत्सर्जनाचा मुख्य मार्ग होय. जेथून ते परत नेले जात नाही तेथे ते साचत जाते. रोहिणीच्या भित्तीत नेमके हेच घडते.

पाण्यात न विरघळणारा हा पदार्थ रक्तातून वाहून नेण्यासाठी त्याचे प्रथिनांशी संयोजन व्हावे लागते. अशा सूक्ष्म गोलकांना वसाप्रथिने म्हणतात. यकृतातून बाहेर पडणारी अत्यल्प घनतेची वसाप्रथिने मुख्यतः ट्रायग्लिसराइडे (साधी मेदद्रव्ये) नेतात. ती ऊतकांना देऊन झाल्यावर उरलेल्या, कोलेस्टेरॉलाने समृद्ध अशा कणांपासून अल्प घनतेची वसाप्रथिने बनतात. त्यांना एलडीएल या आद्याक्षरांनी ओळखतात. रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल त्यांतच असते. या दोन्ही प्रकारच्या प्रत्येक कणात बी हे प्रथिन एकेकच असते. म्हणून त्याचे मापन म्हणजे एका परीने कणांची मोजदादच होय. उच्च घनतेची वसाप्रथिने (एचडीएल) ऊतकांतील जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या कामी भाग घेतात.

इतिहास : विलेपी विकार झालेल्या महारोहिणीत निरोगी महारोहिणीपेक्षा कितीतरी अधिक कोलेस्टेरॉल असते, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांनी १९१० मध्ये दाखविले. १९१३ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथील विकृतिवैज्ञानिक अनिच्‌कॉव्ह व त्यांचे सहकारी खालाटॉव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मानवातील विकाराशी मिळतेजुळते बदल घडवून आणले. परंतु हाच प्रयोग कुत्रा व उंदीर यांवर फसला. या प्राण्यांत जादा कोलेस्टेरॉलाचे पित्ताम्लांत चटकन रूपांतर होते व रक्तातील पातळी फारशी वाढत नाही, हे नंतर कळले. तोपर्यंत शाकाहारी सशाला मांसाशनाचा घटक दिला तर आणखी काय होणार, असा आक्षेप घेऊन हे संशोधन जवळजवळ बाजूस सारण्यात आले. विकार खाल्लेल्या कोलेस्टेरॉलाने नव्हे, तर रक्तात वाढलेल्या कोलेस्टेरॉलाने होतो, हा फरक ध्यानात न आल्याने तीन-चार दशके वाया गेली, असे म्हणावे लागते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू झाले. उच्च रक्तदाब, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृद्‌रोहिणी विकाराशी संबंध त्यातून स्पष्ट झाला आणि ‘धोक्याचा घटक’ ही संकल्पना वैद्यकात रूढ झाली. पुढे अमेरिकेतच साडेतीन लाखांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून मिळालेल्या व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून असे दिसले की, या संबंधात कोठेही पायरी नाही. अमुक आकड्याच्या खाली निर्धोक व वर धोकादायक अशी सीमारेषा निसर्गाने आखलेली नसून पातळी चढते तसतसा मृत्यूचा धोकाही सलग चढत जातो. तपासणी-अहवालात ‘सामान्य मर्यादा’ म्हणून छापलेला आकडा ही व्यवहाराच्या सोयीसाठी मानलेली रेषा होय.

तथापि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पातळी उतरविली असता विकार कमी होतो, हे दाखविणे आवश्यक होते आणि येथेच सुरुवातीला अपयश आले. क्लोफायब्रेट या औषधाच्या, यूरोपात झालेल्या मोठ्या चाचणीत (१९७८) झटके काहीसे कमी झाले, पण एकूण मृत्यू वाढले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत पित्ताम्ले बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामीन या औषधाने ३,८०६ पुरुषांत झटके व हृद्‌रोहिणी विकारजन्य मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी घटले. तरी एकूण मृत्युसंख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. साशंक तज्ञांच्या हाती यामुळे भक्कम मुद्दा राहिला व त्यांचा संशय त्या काळी अवाजवी नव्हता.

वादाचा निकाल लागण्यास एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास सर्वाधिक उपयोगी पडला. काही कुटुंबांत रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मापासून अतिशय वाढलेले असते, कंडरांवर (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोरीसारख्या भागांवर) पिवळसर गाठी येतात आणि हृद्‌शूल तरुणपणीच सुरू होतो, असे नॉर्वेजियन वैद्य म्यूलर यांनी १९३० नंतरच्या दशकात वर्णन केले होते. सदोष जनुक (आनुवंशिक लक्षणे निर्धारित करणारे एकक) एकाच पालकाकडून मिळालेल्यांचे प्रमाण सु. २५० ते ३०० व्यक्तींत एक असे असते. दोन्ही पालकांकडून ते मिळालेली बालके विरळ असून उपचारांअभावी त्यांना बालपणी किंवा किशोरवयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या मुलांत बहुधा रक्तदाब वाढलेला नसतो, ती धूम्रपान करीत नाहीत व त्यांना मधुमेहही नसतो. वाढलेले असते ते एलडीएल. एखादा घटक एकट्याने काय करू शकतो याचा इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

अमेरिकन वैज्ञानिक ब्राउन व गोल्डस्टाइन यांनी १९७३ पासून केलेल्या संशोधनात या मुलांच्या कोशिकांच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारे ग्राही (विशिष्ट रेणूला बांधणारे प्रथिन) नसतात किंवा निकामी असतात, असे आढळले. रक्तातील एलडीएल काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृतातील या ग्राहींचे असते. ते नसल्यास कण रक्तात दीर्घकाळ फिरत राहतात. या कार्याबद्दल दोघांना १९८५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे असा विकार असलेल्या सहा वर्षांच्या मुलीवर हृदयाबरोबरच यकृताचेही रोपण करण्यात आले, तेव्हा तिच्या रक्तातील एलडीएल मूळच्या सु. पाचव्या हिश्शावर उतरले. नव्या यकृताबरोबर तिला ग्राही मिळाले होते.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ आकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या व तत्सम सूक्ष्मजीव तपासून पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कोलेस्टेरॉल-निर्मितीतील एका कळीच्या एंझाइमाला (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाला) रोखणारे द्रव्य १९७३ मध्ये मिळविले. स्टॅटिन गटाचे हे पहिले औषध होय. निर्मिती अडल्यामुळे यकृत कोशिका आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राही तयार करतात व रक्तातील एलडीएल ओढून घेतात. म्हणजे या औषधाचा खरा लाभ अप्रत्यक्ष आहे. या गटातील लोव्हास्टॅटिनास अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्‌रोहिणी रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात सु. साडेपाच वर्षांत २५६, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२ रुग्ण दगावले. हृदयेतर कारणांनी होणारे मृत्यू वाढले नाहीत. पातळी उतरविल्याने आयुष्य वाढते काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्रित करून काढलेल्या निष्कर्षानुसार दर १०० मिलि. रक्तरसात (रक्त साखळल्यावर वेगळ्या होणाऱ्या निवळ द्रवात) सु. ३९ मिग्रॅ. एलडीएल कोलेस्टेरॉल कमी केल्यास रोहिणीविकारजन्य गंभीर घटना साधारणतः एक-पंचमांशाने घटतात.

कालावधीचे महत्त्व मात्र २००६ मधील एका अभ्यासाने विशेष ठसठशीतपणे पुढे आले. पीसीएसके९ हे प्रथिन एलडीएल-ग्राहींचा नाश घडवून आणते. त्याच्या जनुकातील दोषामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तींत एलडीएल जन्मापासूनच सरासरी २८ टक्क्यांनी कमी असते. पंधरा वर्षांच्या निरीक्षणात अशा व्यक्तींमध्ये हृद्‌रोहिणी विकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. उतारवयात पाच वर्षे औषध घेऊन जवळजवळ तेवढीच घट साधली, तर लाभ याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी मिळतो. फरक औषधाचा नसून वर्षांचा आहे.

विकाराची उत्पत्ती : असे का व्हावे, हे रोहिणीभित्तीतील घडामोडींवरून समजते. एलडीएल कण सु. २२ नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे वाहिनीचे अस्तर ओलांडण्याइतके लहान असतात. त्यांपैकी काही अस्तराखालच्या तंतुजालात अडकतात व तेथे त्यांचे ऑक्सिडीभवन होते. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या भक्षिकोशिका कोलेस्टेरॉलाने तट्ट फुगून फेसाळ दिसू लागतात. कोलेस्टेरॉल त्यांनाही पचविता येत नसल्याने त्या मरतात व मेदाचा लगदा मागे राहतो. या सर्व प्रक्रियेबरोबर शोथ (दाहयुक्त सूज) चालू असतो. भोवती अरेखित स्नायुकोशिका व तंतू वाढून लगद्यावर टोपण तयार होते. उच्च रक्तदाब, तंबाखूचा धूर व मधुमेह यांमुळे अस्तराची हानी होऊन ही क्रिया वेग घेते.

कोरियातील युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवचिकित्सेत (१९५३) त्यांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे असूनही तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृद्‌रोहिण्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या होत्या. झटका साठीत येत असला, तरी विकार विशीत सुरू झालेला असतो. झटका बहुधा पोकळी हळूहळू बुजून येत नाही. मेदगोळ्यावरील पातळ टोपण फाटते, आतील द्रव्याशी रक्ताचा संपर्क येऊन क्लथ (रक्ताची गुठळी) बनतो आणि वाहिनी काही मिनिटांत बंद पडते. त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीलाही झटका येऊ शकतो.

मापन व धोक्याचे अनुमान : रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलाचा आकडा एकटा घेतल्यास फसवा ठरतो. समजा, दोन व्यक्तींत दर १०० मिलि. मध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१० मिग्रॅ. आहे. पहिलीत एचडीएल कोलेस्टेरॉल ६५ व ट्रायग्लिसराइडे १००, तर दुसरीत ती अनुक्रमे ३५ व २०० मिग्रॅ. आहेत. एकूण पातळीतून एचडीएल व ट्रायग्लिसराइडांचा एक-पंचमांश वजा करून एलडीएल काढण्याच्या, १९७२ पासून प्रचलित असलेल्या सूत्रानुसार एलडीएल अनुक्रमे १२५ व १३५ येते, म्हणजे फरक किरकोळ दिसतो. परंतु एकूण पातळीतून केवळ एचडीएल वजा केल्यास रोहिणीला अपायकारक अशा सर्व कणांतील कोलेस्टेरॉल अनुक्रमे १४५ व १७५ मिग्रॅ. ठरते. दुसऱ्या व्यक्तीचा धोका निःसंशय अधिक आहे. ट्रायग्लिसराइडे ४०० मिग्रॅ.च्या वर असल्यास हे सूत्र वापरता येत नाही.

हा दुसरा नमुना भारतात वारंवार आढळतो. म्हणूनच येथे एकूण कोलेस्टेरॉल पाहून निश्चिंत होणे योग्य नाही. कमी एचडीएल, वाढलेली ट्रायग्लिसराइडे, पोटाभोवतीची चरबी व मधुमेहाकडे कल हे एकमेकांबरोबर येतात. बावन्न देशांत केलेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सु. सहा वर्षे आधी येत असल्याचे आढळले. कारणे मात्र निराळी नव्हती, तीच कारणे लवकर वयात उपस्थित होती. १९६३ मध्ये नॉर्वेत शोधलेले लायपोप्रोटीन-ए हे एलडीएलसारखेच वसाप्रथिन दक्षिण आशियाई लोकांत यूरोपीयांपेक्षा सरासरीने अधिक असते. त्याची पातळी जवळजवळ पूर्णतः आनुवंशिक असल्याने आयुष्यात एकदा मोजली तरी पुरते.

एचडीएलला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणण्याचा प्रघात आहे. ते कमी असणे ही धोक्याची खूण खरी. पण ते औषधाने वाढविल्याने लाभ झालेला नाही. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल पुष्कळ वाढले, परंतु मृत्यूही वाढल्याने २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. कोलेस्टेरॉल सर्वत्र एकच असते. चांगले वा वाईट ठरते ते त्याचे वाहन, आणि तेही मर्यादित अर्थाने.

आहार व उपचार : आहारातील कोलेस्टेरॉलापेक्षा संतृप्त मेदाम्लांचा रक्तातील एलडीएलवर अधिक परिणाम होतो, कारण त्यांच्यामुळे यकृतातील ग्राहींचे कार्य मंदावते. लोणी, तूप, खोबरेल व पाम तेल यांत ही मेदाम्ले विपुल असतात. करडई, सूर्यफूल व शेंगदाणा यांच्या तेलांत असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असते. खाद्यतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे ठळक छापलेले असते. वनस्पतिज तेलात ते नाममात्रच असल्याने या शब्दाने ग्राहकाला नवीन काहीच कळत नाही. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले सर्वाधिक अपायकारक असून ती एलडीएल वाढवितात व एचडीएल घटवितात. भारतात खाद्यतेले व मेद यांतील त्यांचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे. इसबगोल, जव, ओट व कडधान्ये यांतील विद्राव्य तंतू पित्ताम्लांना बरोबर घेऊन बाहेर पडतात व एलडीएल थोडे उतरवितात. आहाराने होणारी घट बहुधा १०–१५ टक्क्यांपलीकडे जात नाही, परंतु ती आयुष्यभर टिकविल्यास तिचे मोल मोठे आहे. अवटू ग्रंथीच्या न्यूनत्वामुळेही पातळी वाढते. तेव्हा औषध सुरू करण्यापूर्वी ते नाही याची खात्री करतात.

औषध कोणाला द्यावे, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही. दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता शेकडा २० असलेल्या गटात एक-पंचमांश घट म्हणजे दर शंभरांत चार झटके टळतात; तीच शक्यता शेकडा दोन असल्यास टळणारे झटके शंभरांत अर्ध्याहूनही कमी. भारतीय हृदयरोगतज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एलडीएल कमी धोक्याच्या व्यक्तींत १०० मिग्रॅ.च्या खाली, मधुमेह वा उच्च रक्तदाब असल्यास ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यांत ५५ च्या खाली असावे.

स्टॅटिनांनी मात्रेनुसार ३० ते ५० टक्के घट होते. स्नायूंत वेदना, यकृतातील एंझाइमांच्या पातळीत वाढ व मधुमेहाच्या प्रमाणात अल्प वाढ हे त्यांचे अनिष्ट परिणाम होत. स्नायुकोशिकांचा गंभीर नाश अतिविरळ असला, तरी सेरिव्हास्टॅटिन हे याच कारणास्तव २००१ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. स्नायुदुखीच्या तक्रारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतही बऱ्याच आढळतात. झटक्यानंतर सुरू केलेले औषध, अहवालातील आकडा उतरला म्हणून रुग्णाने परस्पर बंद करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. औषध थांबविताच काही आठवड्यांत पातळी पूर्ववत होते. स्टॅटिन पुरेसे न पडल्यास आतड्यातील शोषण रोखणारे एझेटिमिब व २०१५ पासून पीसीएसके९-विरोधी प्रतिपिंडे वापरतात. दुसऱ्या प्रकारची औषधे टोचून घ्यावी लागतात व महाग असल्याने भारतात त्यांचा वापर मर्यादित आहे.

पन्नाशीपूर्वी झटका आलेल्या किंवा एलडीएल १९० मिग्रॅ.हून अधिक असलेल्या रुग्णाच्या भावंडांची व मुलांची तपासणी करणे इष्ट असते. आनुवंशिक विकार असल्यास मुलांत तो सु. दहाव्या वर्षापूर्वीच साध्या रक्तपरीक्षेने ओळखता येतो आणि त्या वयात सुरू केलेल्या उपचारांनी पालकांना चाळिशीत आलेला झटका मुलांच्या बाबतीत टाळता येतो किंवा पुष्कळ लांबविता येतो.